नेता बदलला, प्रश्न तोच राहिला : १९५७ ची निवडणूक आणि रत्नागिरी जिल्हा

सत्तेवर असलेला पक्ष लोकांच्या मनातून उतरू लागला आणि निवडणूक तोंडावर आली, की त्या पक्षात एक ठरलेली कुजबुज सुरू होते. धोरण चुकले असे म्हणण्यापेक्षा माणूस चुकला असे म्हणणे सोपे असते. मग जुना नेता बाजूला होतो, नवा येतो, त्याच्या निवडीवरून पक्षात दोन तट पडतात आणि लोकांनी हा बदल पाहून आपला राग आवरता घ्यावा अशी अपेक्षा केली जाते. हे दृश्य आपण अनेक राज्यांत, अनेक पक्षांत पाहिले आहे. त्यातून पक्षाला नेमके काय मिळते, हा प्रश्न मात्र क्वचितच इतिहासाच्या आधारे तपासला जातो. महाराष्ट्राच्या इतिहासात त्यासाठी १९५६-५७ इतका बोलका दाखला दुसरा नाही; आणि तो जवळून पाहायचा तर जुन्या रत्नागिरी जिल्ह्यातून पाहावा, असे मला वाटते.

'जुना रत्नागिरी जिल्हा' असे म्हणण्याचे कारण असे, की आजचा सिंधुदुर्ग जिल्हा १९८१ साली वेगळा झाला. त्यापूर्वी मंडणगड-दापोलीपासून सावंतवाडी-वेंगुर्ल्यापर्यंतचा सारा पट्टा एकाच जिल्ह्यात होता. या जिल्ह्याचा संसार त्या काळी मनिऑर्डरीवर चालत असे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील जनगणना पाहिल्या, तर मुंबईबाहेर जन्मून मुंबईत राहणाऱ्यांत सर्वांत मोठा वाटा रत्नागिरी जिल्ह्याचा दिसतो. परळ-लालबागच्या गिरण्यांत, गोदीत, घरकामात, कचेऱ्यांत कोकणातला चाकरमानी होता आणि त्याची शेती, म्हातारे आईबाप, पुष्कळदा बायकोमुलेही गावी होती. त्यामुळे 'मुंबई कोणाची' हा प्रश्न पुण्यात किंवा नागपुरात अस्मितेचा असेल. रत्नागिरीत तो घरातला प्रश्न होता. मुंबई केंद्रशासित होणे याचा अर्थ येथल्या माणसाला कोणी समजावून सांगावा लागत नव्हता.

या प्रश्नाचा उगम साहित्याच्या व्यासपीठावर झाला, हे मराठीच्या विद्यार्थ्यांनी विसरू नये. १९४६ साली बेळगावला ग. त्र्यं. माडखोलकरांच्या अध्यक्षतेखाली भरलेल्या साहित्य संमेलनाने संयुक्त महाराष्ट्राचा ठराव केला आणि त्याच वर्षी शंकरराव देवांच्या नेतृत्वाखाली संयुक्त महाराष्ट्र परिषद उभी राहिली. देव हे काँग्रेसचे. म्हणजे प्रारंभी ही मागणी काँग्रेसच्या विरुद्ध नव्हती. काँग्रेसमधलीच बरीच मंडळी तिच्यामागे होती. पुढे जे घडले त्याचे सारे दुखणे येथे आहे. पक्षाने विरोधकांच्या मागणीला नकार दिला असता तर तो नेहमीचा राजकीय संघर्ष ठरला असता. येथे पक्षाने आपल्याच माणसांच्या मागणीला नकार दिला.

ऑक्टोबर १९५५ मध्ये राज्य पुनर्रचना आयोगाचा अहवाल प्रसिद्ध झाला आणि त्याने विदर्भ वगळून गुजरातसह द्वैभाषिक मुंबई राज्य सुचविले. नोव्हेंबरात मुंबईत निदर्शने आणि गोळीबार झाला. १६ जानेवारी १९५६ रोजी पंतप्रधान नेहरूंनी मुंबई केंद्रशासित करण्याचा निर्णय जाहीर केला आणि त्यानंतरच्या दिवसांत शहर पेटले. आंदोलनातल्या मृतांची संख्या शंभरावर गेली. मुख्यमंत्रिपदी मोरारजी देसाई होते. लोकांच्या लेखी गोळीबार, दिल्लीचा निर्णय आणि मोरारजी या तीन गोष्टींची एकच गोष्ट झाली.

मोरारजींच्या आधी मुंबई राज्याचे मुख्यमंत्री होते बाळासाहेब खेर. त्यांचा जन्म रत्नागिरीचा. १९५२ साली खेर बाजूला झाले आणि मोरारजी आले. त्या वर्षीच्या निवडणुकीत मोरारजी स्वतः अवघ्या १९ मतांनी पडले होते, तरीही विधिमंडळ पक्षाने त्यांनाच नेता केले. दुसरीकडे मुंबई काँग्रेसचे सर्वेसर्वा स. का. पाटील हे सावंतवाडीकडचे. आणि मुंबई महाराष्ट्राला देण्यास सर्वांत कडवा विरोध करणाऱ्यांत त्यांचे नाव पहिल्या ओळीत होते. तेव्हा या वादाची 'मराठी विरुद्ध गुजराती' अशी सोपी मांडणी करणे इतिहासाला धरून होणार नाही. कोकणातलीच माणसे दोन्ही बाजूंना होती.

महाराष्ट्रातल्या काँग्रेसजनांपुढे त्या वर्षी तीन वाटा होत्या. पहिली चिंतामणराव देशमुखांची. महाडजवळच्या नाते गावचे, कुलाब्याचे खासदार, देशाचे अर्थमंत्री आणि 'मेघदूता'चे मराठी अनुवादक असलेल्या देशमुखांनी मुंबईच्या प्रश्नावर १९५६ साली मंत्रिपद सोडले. दुसरी वाट काकासाहेब गाडगीळांची. त्यांनी संसदेत मुंबईसाठी जळजळीत भाषण केले, पण पक्ष सोडला नाही. तिसरी वाट यशवंतराव चव्हाणांची. पक्षाबाहेर जाऊन काही साधणार नाही, नेहरूंचे नेतृत्व दुखावून महाराष्ट्राचे भले होणार नाही, ही भूमिका त्यांनी डिसेंबर १९५५ मध्ये फलटणच्या सभेत उघडपणे मांडली. त्यामुळे नेहरूंना महाराष्ट्राहून मोठे मानणारा माणूस, असा शिक्का त्यांच्यावर बसला आणि तो दीर्घकाळ पुसला गेला नाही. मोरारजींच्या मंत्रिमंडळातले ज्येष्ठ मंत्री भाऊसाहेब हिरे यांचे मन या वाटांत अडकलेले होते. त्यांचा ओढा संयुक्त महाराष्ट्राकडे होता, त्यांना मानणारा मोठा वर्ग होता. परंतु पक्षाशी संबंध तोडण्याची घटका त्यांनी येऊ दिली नाही.

दरम्यान ६ फेब्रुवारी १९५६ ला पुण्यात संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली. समाजवादी, कम्युनिस्ट, शेतकरी कामगार पक्ष, शेड्यूल्ड कास्ट फेडरेशन असे एरवी एकमेकांचे तोंड न पाहणारे पक्ष एका मागणीखाली आले. ऑगस्टमध्ये संसदेने विदर्भ, मराठवाडा, सौराष्ट्र आणि कच्छ यांसह विशाल द्वैभाषिक मुंबई राज्य मान्य केले. मुंबई केंद्रशासित होण्याचे टळले. पण संयुक्त महाराष्ट्रही झाला नाही. आता या नव्या राज्याला १ नोव्हेंबरपूर्वी नेता हवा होता आणि चार-पाच महिन्यांवर सार्वत्रिक निवडणूक होती.

ऑक्टोबर १९५६ मधली ही नेतेपदाची निवड बारकाईने पाहण्यासारखी आहे. मोरारजींना नेतेपद हवे होते, परंतु ते एकमताने. लढत देऊन ते पद घेण्याची त्यांची तयारी नव्हती. हिऱ्यांनी उभे राहण्याचे ठरविले आणि मोरारजी बाजूला झाले. मग हिऱ्यांच्या विरोधात ४३ वर्षांचे यशवंतराव उभे राहिले आणि ३३३ विरुद्ध १११ मतांनी निवडून आले. मतदान करणारे आमदार हे होऊ घातलेल्या साऱ्या द्वैभाषिकाचे होते. त्यांत गुजरात होता, सौराष्ट्र होता, विदर्भ आणि मराठवाडाही होता. ज्या भागात पक्षाविषयी संताप धुमसत होता, त्या मुंबई-कोकण-पश्चिम महाराष्ट्राचा कौल या आकड्यांत वेगळा काढता येत नाही. मोरारजी त्यानंतर केंद्रात वाणिज्य व उद्योगमंत्री म्हणून गेले.

या निवडीत एक विपरीत गोष्ट आहे. लोकांच्या रोषावर उतारा म्हणून नेता बदलायचा, तर लोकभावनेच्या अधिक जवळ असलेला माणूस पुढे यायला हवा होता. तो हिरे होते. पक्षाने निवडला तो दिल्लीच्या विश्वासातला, द्वैभाषिक मनापासून चालवून दाखवीन असे म्हणणारा माणूस. मुख्यमंत्री मराठी झाला, शेतकऱ्याच्या घरातला झाला, तरुण झाला. पण ज्या गोष्टीवरून लोक रागावले होते, ती गोष्ट तसूभरही हलली नाही. पक्षांतर्गत गणिताला हा निर्णय बिनचूक होता. मतदाराच्या गणितात तो बसत नव्हता.

याच सुमारास इंग्लंडात घडलेली घटना तुलनेला घेता येईल. सुएझ प्रकरणाने हुजूर पक्ष अडचणीत आला, जानेवारी १९५७ मध्ये ईडन यांनी राजीनामा दिला आणि बटलर यांना मागे टाकून मॅकमिलन पंतप्रधान झाले. ऑक्टोबर १९५९ मध्ये त्यांनी निवडणूक घेतली आणि पक्ष पुन्हा मोठ्या बहुमताने निवडून आला. तेथे नेता बदलणे फळाला आले, त्याची दोन कारणे स्पष्ट आहेत. मॅकमिलन यांना पावणेतीन वर्षे मिळाली. आणि सुएझचा प्रश्न तोवर निवडणुकीपुरता मागे पडला होता. यशवंतरावांना चार महिने मिळाले, आणि येथला प्रश्न रोज सकाळी दारात येत होता. १५ नोव्हेंबर १९५६ ला अत्र्यांचा 'मराठा' निघाला. अमर शेख, अण्णा भाऊ साठे, गव्हाणकर यांचे आवाज गिरणगावातून खेड्यांपर्यंत पोहोचले होते. विस्मरण हे जर बदनाम सरकारचे औषध असेल, तर त्या हंगामात मराठी भाषेनेच ते औषध बाजारातून उठविले होते.

मार्च १९५७ मध्ये मतदान झाले. त्या काळच्या मतदानाची रीत लक्षात घेण्यासारखी आहे. मतदान केंद्रात प्रत्येक उमेदवाराची स्वतंत्र पेटी असे, तिच्यावर पक्षाचे चिन्ह लावलेले असे आणि मतदार आपली मतपत्रिका हव्या त्या पेटीत टाकीत असे. पडद्याआड गेलेल्या माणसासमोर हिरे नव्हते, चव्हाण नव्हते, मोरारजीही नव्हते. बैलजोडीची एक पेटी होती आणि बाकीच्या पेट्या होत्या. पक्षातल्या कोणत्या तटाला आपला पाठिंबा आहे, हे सांगण्याची सोय त्या पेटीत नव्हती.

१९५२ साली जिल्ह्यातल्या रत्नागिरी उत्तर आणि रत्नागिरी दक्षिण या दोन्ही लोकसभा जागा काँग्रेसने जिंकल्या होत्या. उत्तरेतून निवडून गेले होते आझाद हिंद सेनेतले मोठे अधिकारी जगन्नाथराव भोसले, जे पुढे केंद्रात पुनर्वसन खात्याचे उपमंत्री झाले; दक्षिणेतून मोरेश्वर जोशी. १९५७ मध्ये मतदारसंघांची नावे रत्नागिरी आणि राजापूर अशी झाली आणि दोन्ही काँग्रेसच्या हातून गेल्या. राजापुरातून प्रजासमाजवादी पक्षाचे बॅरिस्टर नाथ पै निवडून आले. वेंगुर्ल्याचा हा पस्तिशीही न गाठलेला तरुण पुढे संसदेत गाजला, त्यामुळे त्याचा विजय आपल्या लक्षात राहतो. रत्नागिरीतला निकाल मात्र आपण विसरलो आहोत, आणि तोच अधिक विचार करायला लावणारा आहे.

रत्नागिरीतून निवडून आले प्रेमजीभाई आसर. पक्ष भारतीय जनसंघ. त्या वर्षी साऱ्या देशातून जनसंघाचे अवघे चार खासदार निवडून आले, त्यांत बलरामपूरचे अटलबिहारी वाजपेयी होते, धुळ्याचे उत्तमराव पाटील होते आणि रत्नागिरीचे आसर होते. अखिल भारतीय पातळीवर जनसंघाला भाषावार राज्यांची कल्पना मान्य नव्हती. महाराष्ट्रात मात्र तो समितीबरोबर होता. आणि आसर हे नाव सरळसरळ गुजराती वळणाचे. ज्या आंदोलनाला दिल्लीतले आणि मुंबईतले काही पुढारी गुजरातीद्वेष्टे ठरवीत होते, त्या आंदोलनाच्या भरात कोकणातल्या मराठी मतदाराने प्रेमजीभाईंना लोकसभेत पाठविले. मतदाराने भाषणे केली नाहीत. पण आपला राग कोणावर आहे आणि कोणावर नाही, हे त्याने नेमके दाखविले. त्याने उमेदवाराची जात-भाषा पाहिली नाही, पक्षाचे तत्त्वज्ञानही फारसे पाहिले नाही. हा माणूस मुंबईच्या प्रश्नावर आमच्या बाजूला उभा आहे काय, एवढाच प्रश्न विचारला.

हाच न्याय त्याने काँग्रेसच्या चांगल्या माणसांनाही लावला. पुण्यात काकासाहेब गाडगीळ ना. ग. गोऱ्यांकडून पराभूत झाले. मुंबईसाठी संसदेत बोललेला माणूस बैलजोडीच्या पेटीसह बुडाला. खुद्द यशवंतराव कऱ्हाडातून अगदी थोड्या मतांनी वाचले. पश्चिम महाराष्ट्र आणि कोकणात पक्षाची वाताहत झाली. तरीही ३९६ जागांच्या विधानसभेत काँग्रेसला २३४ जागा मिळाल्या, कारण इतर विभागांनी हात दिला. आणि यशवंतराव मुख्यमंत्री राहिले. निवडणुकीच्याच दिवसांत, ८ मार्च १९५७ रोजी, बाळासाहेब खेर वारले. त्यांच्या जन्मगावाने त्याच महिन्यात त्यांच्या पक्षाला नाकारले.

येथपर्यंतचा निष्कर्ष सरळ आहे : नेता बदलल्याने निवडणूक वाचली नाही. परंतु मला जे म्हणायचे आहे ते येथे संपत नाही. निवडणुकीपूर्वी केलेल्या नेतृत्वबदलाचे मोल मतमोजणीच्या दिवशी ठरवू नये. ते पराभवानंतर ठरते. हरलेल्या पक्षाला आपला पराभव वाचता येतो की नाही, हे त्या वेळी खुर्चीत कोण बसले आहे यावर अवलंबून असते.

मोरारजी खुर्चीत राहिले असते, तर हा निकाल म्हणजे कम्युनिस्टांनी भडकावलेल्या जमावाचा क्षणिक उन्माद, असा अहवाल दिल्लीला गेला असता, असे मानायला त्यांच्या तोवरच्या भूमिकेत पुरेसा आधार आहे. यशवंतरावांनी तो निकाल तसा वाचला नाही. उघडपणे ते द्वैभाषिकाचा कारभार नेकीने चालवीत राहिले आणि आतून दिल्लीला वस्तुस्थिती पटवीत राहिले. ३० नोव्हेंबर १९५७ रोजी प्रतापगडावर शिवाजी महाराजांच्या पुतळ्याचे अनावरण करण्यास नेहरू आले, तेव्हा समितीने वाटेवर प्रचंड निदर्शने केली. पंतप्रधानांनी तो लोकसमुदाय डोळ्यांनी पाहिला. तेव्हा शेजारी असलेला मुख्यमंत्री त्या लोकांना परका नव्हता. तो त्यांच्यातलाच होता आणि त्यांनीच त्याला जेमतेम निवडून दिले होते. १९५९ साली काँग्रेसच्या अध्यक्षपदी आलेल्या इंदिरा गांधींनी प्रश्न पुन्हा उघडला आणि १ मे १९६० ला मुंबईसह महाराष्ट्र राज्य झाले. अर्थात हे श्रेय एकट्या चव्हाणांना देणे अन्यायाचे होईल. समितीने मतपेटीतून पुरावा उभा केला नसता, तर चव्हाणांच्या मवाळ समजावणीला दिल्लीत कोणी विचारले नसते. पुरावा एकाने दिला आणि तो वाचून दाखविणारा दुसरा होता. दोघांनाही एकमेकांची गरज होती, आणि हे मान्य करणे दोघांनाही तेव्हा शक्य नव्हते.

पुढचे निकालही हेच सांगतात. १९६२ साली महाराष्ट्रात काँग्रेसने २६४ पैकी २१५ जागा जिंकल्या. रत्नागिरीची लोकसभेची जागा शारदा मुखर्जी यांच्या रूपाने काँग्रेसकडे परत आली. राजापूर मात्र परत आले नाही. नाथ पै १९६२ आणि १९६७ लाही निवडून आले, जानेवारी १९७१ मध्ये त्यांचे निधन झाले आणि त्यांच्यानंतर मधू दंडवत्यांनी ती परंपरा १९९१ पर्यंत चालविली. एकाच जिल्ह्यातल्या दोन जागा. एक प्रश्नामुळे गेली होती, ती प्रश्न सुटताच परतली. दुसऱ्या ठिकाणी प्रश्नाच्या निमित्ताने आलेला माणूस लोकांच्या मनात रुजला, तो प्रश्न सुटल्यावरही टिकला.

याच जुन्या जिल्ह्याशी जोडलेला नंतरचा एक दाखला थोडक्यात पाहू. १९९८ च्या लोकसभा निवडणुकीत शिवसेना-भाजप युतीला महाराष्ट्रातल्या ४८ पैकी १० जागा मिळाल्या. त्यानंतर, फेब्रुवारी १९९९ मध्ये मनोहर जोशी यांच्या जागी सिंधुदुर्गातील नारायण राणे मुख्यमंत्री झाले. विधानसभेची निवडणूक मुदतीआधी, लोकसभेबरोबर घेतली गेली. काँग्रेस आणि नवी राष्ट्रवादी काँग्रेस वेगवेगळ्या लढूनही युतीला २८८ पैकी १२५ च जागा मिळाल्या आणि ऑक्टोबरात विलासराव देशमुख मुख्यमंत्री झाले. येथेही नेता बदलून सत्ता वाचली नाही. फरक पडला तो नंतर. पराभव वाचण्याचे काम ज्याच्याकडे यावे, तो नेता आणि त्याचा पक्ष यांच्यातच अंतर वाढत गेले आणि २००५ साली राणे शिवसेनेबाहेर पडले. १९५७ चा पराभव पक्षाने पचविला. १९९९ चा पराभव पक्षातल्या भांडणात मुरला.

मराठीच्या अध्यापकाला या साऱ्यात आणखी एक गोष्ट खुणावते. संयुक्त महाराष्ट्राचे जे वाङ्मय आपण शिकवितो ते जवळजवळ सगळे समितीच्या बाजूचे आहे. अत्र्यांचे अग्रलेख, शाहिरांची कवने, एस्. एम्. जोशींचे आत्मकथन. ते वाङ्मय श्रेष्ठ आहे यात वाद नाही; पण त्यात सत्तारूढ पक्ष हा एकजिनसी, एकाच चेहऱ्याचा शत्रू म्हणून येतो. ३३३ विरुद्ध १११ या आकड्यांमागची घालमेल, पक्ष आणि लोक यांच्यात फाटलेल्या माणसांच्या रात्री, तेथे भेटत नाहीत. ज्याने त्या लिहायच्या, त्या यशवंतरावांचे 'कृष्णाकाठ' १९४६ पाशीच थांबते. पुढचे 'सागरतळी' आणि 'यमुनाकाठ' हे खंड योजलेलेच राहिले. म्हणजे जो भाग आपल्याला हवा, नेमका तोच त्यांच्या लेखणीतून आला नाही. हिऱ्यांची बाजू तर त्याहूनही अबोल आहे.

विजेत्यांचे वाङ्मय शिकविताना या रिकाम्या जागेवर विद्यार्थ्यांचे बोट ठेवणे, हे आपले काम आहे. गाणी कोणी म्हटली हे त्यांना ठाऊक असते. त्या गाण्यांनी ज्यांच्या खिडक्या हादरल्या, त्या घरांत काय चालले होते, हे विचारायला त्यांना शिकविले, तर १९५७ साली रत्नागिरीच्या मतदाराने प्रेमजीभाईंच्या पेटीत मत का टाकले, हेही त्यांना अधिक नीट कळेल.